वाळूवर चाललेली बर्फगाडी

ओमानमधल्या रुसैलच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पाण्याचे पंप यायचे, जनरेटर यायचे, कधीमधी मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं यायची. त्यामुळे एका नोव्हेंबरात कंटेनरमधून दोन स्नोमोबाइल उतरल्या, तेव्हा आम्ही सगळे हातातलं काम टाकून बाहेर आलो. पुढे चाकांच्या जागी दोन लांब पट्ट्या, टोकाला वर वळलेल्या. मागे रणगाड्याला असतो तसा रबरी पट्टा. मध्ये सीट, वर हँडल. एक गाडी काळी, नवी, चकचकीत. दुसरी कधी काळी पिवळी असावी.

"अर्बाब, ह्या चालतात कशावर?" मी विचारलं.

"बर्फावर."

"मग इथे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडा. "वाळू आहे ना, मिस्त्री."

अर्बाब म्हणजे आमचे मालक. साठी ओलांडलेले, शांत, हिंदी आमच्याइतकंच सफाईने बोलणारे. तरुणपणी सरकारने त्यांना शिकायला एका थंड देशात पाठवलं होतं. तिथे चार वर्षं ते एका शेतकऱ्याच्या घरी भाड्याने राहिले आणि ही पिवळी गाडी त्यांनी तिथेच घेतली. परत येताना ती गोठ्यातच राहिली. आता त्या शेतकऱ्याच्या मुलाने गोठा पाडायला काढला आणि अर्बाबना पत्र लिहिलं, तुमची गाडी अजून आहे. अर्बाबनी ती मागवली. कंटेनरमध्ये जागा उरत होती म्हणून सोबत एक नवीही घेतली, मुलं चालवतील म्हणून. मुलांनी फोटो काढले आणि गेले. गाड्या माझ्या वाट्याला आल्या.

मी रत्नागिरीचा. इथे येण्याआधी बारा वर्षं बंदरावर बोटींची मशिनं दुरुस्त केली होती, त्यामुळे पिवळीचं झाकण उघडलं आणि मला हसू आलं. आत टू-स्ट्रोक इंजिन. दोरी ओढून चालू करायचं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. सगळं ओळखीचं. हवेच्या डब्यात उंदरांनी घर केलं होतं. सुकं गवत, कसल्यातरी फळांची टरफलं, असा मूठभर परदेश मी बाहेर काढला. कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा पापडासारखा कडक झालेला. तो मागवायला तीन आठवडे गेले. प्लग साफ केला, पॉइंट घासले, हवेच्या तोंडाला जनरेटरचा स्पंज बसवला, नाहीतर वाळू सरळ आत गेली असती. पहिल्या दिवशी चाळीस वेळा दोरी ओढली. काही नाही. दुसऱ्या दिवशी सहाव्या ओढीला ती खोकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. बंदराचा वास आला. मी बंद केली नाही, उगाच उभा राहिलो बघत.

नवीला काही करायचं नव्हतं. चावी फिरवली की स्क्रीन लागायचा. मागे जायला वेगळं बटण. हँडल गरम करायलासुद्धा बटण! ओमानमध्ये हँडल गरम. पण एक गोष्ट मला खटकत होती. हिच्यात ना मोठा रेडिएटर, ना त्याचा पंखा. मग इंजिन थंड कसं होतं? मी पाइप धरून धरून मागे गेलो, तेव्हा कळलं. पाणी जातं सीटखाली, पट्ट्याच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या छतात. पट्टा फिरताना बर्फ उडवतो, तो बर्फ त्या छतावर आपटतो आणि पाणी गार होतं. शिवाय पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर घसरत फिरतो, त्यांनाही ओला बर्फच लागतो. पिवळीला यातलं काहीच लागत नव्हतं. तिचं इंजिन वाऱ्यावर थंड व्हायचं आणि पट्टा ओळीने बसवलेल्या लहान लहान चाकांवर फिरायचा.

मी अर्बाबना सांगितलं, "नवी वाळूवर चालणार नाही. तिला बर्फ लागतो, नुसता खाली नाही, आतसुद्धा."

"नवी आहे, मिस्त्री. इतके पैसे घेतात ते उगाच?"

"बघा तुम्ही."

"इन्शाल्ला चालेल," ते म्हणाले आणि विषय संपला.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही वाळवंटाकडे, बिदियाला निघालो. अर्बाबची बायको येणार होती. तिला सोबत हवी म्हणून माझ्या बायकोलाही बोलावलं होतं. अर्बाबच्या बायकोला आम्ही 'मामा' म्हणायचो. इथे मालकिणीला तसंच म्हणतात. बायको पहिल्यांदा आखातात आली तेव्हा, "मामा म्हणजे कुणाचे मामा?" म्हणून किती तरी दिवस गोंधळली होती. आता दोघींचं चांगलं जमत होतं. मामांचे गुडघे दुखायचे, बायको वादी अदाईतल्या आमच्या घरून त्यांच्यासाठी तेल करून न्यायची.

गावातल्या मशिदीत जुम्मा पढलो आणि मग वाळूत शिरलो. अर्बाबच्या पिकअपच्या मागे ट्रेलर, त्यावर दोन्ही गाड्या. दुरून एक उंटवाला बराच वेळ आमच्याकडे बघत होता. बायकांनी चटई पसरली. मामांकडे कहवा आणि खजूर, आमच्याकडे घावने, आणि परतताना घ्यायच्या मासळीसाठी एका पेटीत भरपूर बर्फ, त्यातच ताकाच्या बाटल्या.

अर्बाब पहिल्यांदा नवीवर बसले. खरं सांगतो, बघत राहावं अशी ती गेली. मोठ्या मोटरसायकलसारखा आवाज, मागे वाळूचा पंखा, आणि दोन श्वासांत समोरच्या उंच टेकाडाच्या माथ्यावर. मला वाटलं, मीच चुकलो. माथ्यावरून वळले, खाली आले, पुन्हा वर. पाचेक मिनिटं झाली असतील, आवाज बदलला. मग थांबलाच. मी वर चढत पोचलो तेव्हा स्क्रीनवर लाल दिवा लुकलुकत होता आणि प्लास्टिक जळाल्याचा वास येत होता.

अर्बाबनी एकदम खाली चटईकडे बघितलं. "मिस्त्री, पेटीत बर्फ आहे ना?"

मी वरूनच बायकोला ओरडून सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, तो मासळीचा आहे!"

"आण गं!"

मी आणि अर्बाबनी तो सगळा बर्फ त्या ॲल्युमिनियमच्या छताखाली हाताने कोंबला. अर्बाबच्या पांढऱ्या पायघोळ दिशदाशाला गुडघ्यापर्यंत काळं लागलं. गाडी चालू झाली, उतारावर आली, चटईपर्यंत जेमतेम पोचली आणि पुन्हा थांबली. खलास. ताक गरम झालं ते वेगळंच.

मग पिवळी उतरवली. आठव्या ओढीला चालू झाली. आधी मी बसलो. तिचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. हँडल इतकं जड की वळायचं म्हणजे अख्खं अंग एका बाजूला टाकावं लागायचं. चढ तिला आवडायचा नाही, तिरक्या वाटेने हळूहळू न्यावं लागायचं आणि प्रत्येक उंचवटा थेट मणक्यात. ब्रेक होता म्हणायचा. नवीवर माणूस नुसता बसतो आणि ती नेते, हे मी समोरच पाहिलं होतं. हिला मात्र प्रत्येक वळणावर विचारावं लागायचं, जमेल का, आणि ती कधी हो म्हणायची, कधी पट्टा वाळूत खोल घालून बसायची. मी दोनदा उतरून तिला ढकलली. अर्धा तास झाला तरी इंजिन तसंच चाललेलं. परत आलो तेव्हा मी लहान पोरासारखा हसत होतो.

"आता मी," मामा म्हणाल्या.

मला वाटलं, अर्बाबच्या मागे बसणार. त्या उठल्या, गुडघे चोळले, आणि सरळ हँडलपाशी गेल्या.

"तू?" अर्बाब म्हणाले. "तुझे गुडघे?"

"गुडघ्यांनी चालवतात का?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मिस्त्री, यांनी तुम्हाला काय सांगितलं? तिथे हे चालवायचे?"

तसं त्यांनीच सांगितलं होतं. बर्फात कॉलेजला कसे जायचे, वादळात दुकानातून दूध कसं आणलं. वर्कशॉपमध्ये आम्ही ते दहा वेळा ऐकलं होतं.

"हे मागे बसायचे," मामा म्हणाल्या. "मला घट्ट धरून. मी एकोणीस वर्षांची होते, लग्न होऊन महिना झाला होता, मला तिथली भाषासुद्धा येत नव्हती. त्या शेतकऱ्याच्या बायकोने मला गोठ्यात नेलं आणि दोरी हातात दिली. कॉलेजला यांना मी सोडायचे. दूधही मीच आणायचे."

आम्ही अर्बाबकडे पाहिलं. ते टोपी नीट करत होते. "एकदा पडलो होतो," ते शेवटी म्हणाले. "त्यानंतर हिलाच दिली."

"एकदा?"

"तीनदा," अर्बाब म्हणाले आणि मग ते स्वतःच इतके हसले की डोळे पुसावे लागले.

बायकोने मामांच्या अबायाचा घोळ दोन्ही बाजूंनी पिनांनी आवरला, पट्ट्यात जाऊ नये म्हणून. मामा बसल्या, आणि बायकोला म्हणाल्या, "यल्ला, तूही ये." माझी बायको, जी वादी अदाईतल्या आमच्या चौथ्या मजल्यावरून खाली उतरायला चार वेळा विचार करायची, ती चप्पल काढून मागे बसली.

त्या गेल्या. सपाटीवरून आधी सावकाश, मग एका लहान टेकाडाला वळसा घालून दिसेनाशा झाल्या. नुसता गिरणीचा आवाज येत होता. तो थांबला तसा मी पळत सुटलो, मागून अर्बाब. टेकाडापलीकडे गाडी पट्ट्यापर्यंत रुतलेली आणि दोघी वाळूत बसून हसत होत्या. बायकोच्या भुवयांतसुद्धा वाळू होती. मामा म्हणाल्या, "ढकला. आम्ही दमलो."

नवी गाडी त्यानंतर कधी वाळूवर गेली नाही. वर्षभर झाकून ठेवली, मग अर्बाबनी ती एका तांत्रिक संस्थेला दिली, पोरांना उघडून बघायला. तिच्यात वाईट काही नव्हतं. तिला तिच्या जागी न्यायला हवं होतं, एवढंच. पिवळीला मात्र आम्ही तीन हिवाळे बिदियाला नेलं. वाळूने तिच्या लहान चाकांचं रबर झिजायचं, ती मी शेजारच्या लेथवाल्याकडून नायलॉनची करून घेतली. कधी अर्बाब चालवायचे, दबकत. बहुतेक वेळा मामाच, आणि दुसऱ्या हिवाळ्यापासून माझी बायको एकटी.

तिसऱ्या वर्षी रबरी पट्टा आरपार फाटला. तसा पट्टा आता कुठे मिळत नव्हता. अर्बाब शोधू म्हणाले, पण मामाच नको म्हणाल्या. "पुष्कळ चालली," एवढंच म्हणून त्यांनी तिच्या सीटवरची वाळू हाताने झाडली. गाडी अर्बाबच्या घराच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली ठेवली. तिच्यावर आता मांजरं झोपतात.

त्याच उन्हाळ्यात बायको मला म्हणाली, "मला लायसन्स काढायचंय." ओमानमध्ये लायसन्स म्हणजे सोपी गोष्ट नाही. पिंपांच्या मधून गाडी उलटी घ्यावी लागते, मग चढावर थांबवून मागे न घसरता पुढे काढावी लागते, मग रस्त्यावर पोलिसांची परीक्षा. माझ्या ओळखीचे पुरुष सहा-सहा वेळा नापास झालेले. ती पिंपांत एकदा नापास झाली, रस्त्यावर एकदा. चढावर पहिल्याच फटक्यात पास. शिकवणारे उस्ताद म्हणाले, चढावर बायका घाबरतात, ही कशी घाबरली नाही? तिने त्यांना पिवळीचं काही सांगितलं नाही.

लायसन्स हातात आलं त्या दिवशी तिने मला अल् घुब्रापर्यंत नेलं आणि आणलं. वाटेत मी दोनदा "सावकाश" म्हणालो. दुसऱ्यांदा तिने रेडिओचा आवाज वाढवला.