निरोपाचं दही

पनवेलच्या आमच्या शाळेत पाण्याचा माठ एकच होता, आणि त्यावरून गावात केवढी बोंबाबोंब झाली! स्वातंत्र्य मिळून काही वर्षं उलटली होती, पण ते माठापर्यंत पोचलं नव्हतं. आमच्या बाईंनी पोचवलं. पाळीपाळीने प्रत्येकाने वर्गाला पाणी द्यायचं, असा त्यांचा नियम. माझी पाळी आली तेव्हा एक पालक तणतणत शाळेत आले. मी महारवाड्यातली, माझ्या हातचं पाणी त्यांच्या पोराने प्यायचं म्हणजे काय! बाई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "पाण्याला जात विचारून बघा. त्यानं सांगितली तर मी माठ बदलते." गृहस्थ पाय आपटत निघून गेले. तरी माझ्या पाळीला बरीच पोरं तहान मारून बसायची, हेही खरंच.

माझ्या हातचं पाणी पहिल्यांदा प्यायली ती माझी बाकावरची मैत्रीण. ती बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. शनिवारी ते कामाला हात लावत नसत, म्हणून ती शनिवारी शाळेला नसायची. त्या दिवशी काय शिकवलं ते मी तिला सोमवारी सांगायची. वर्गातली काही पोरं तिला मटणावरून नाक मुरडून चिडवायची. मेल्यांच्या जिभेला हाडच नव्हतं! मग घरी काय रांधलं हे ती माझ्याशिवाय कुणालाही सांगेना.

आम्ही चौथीत असताना तिच्या घरच्यांनी इस्रायलला कायमचं जायचं ठरवलं. बाईंनी वर्गात तिला निरोप द्यायचा बेत केला. आपल्यात निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात, आणि त्याने 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं असतं. बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दही हिच्या घरून येईल. आणि हीच सगळ्यांच्या हातावर घालेल."

आई आधी घाबरली, मग हरखली. "आपल्या घरचं दही बामनाची पोरं खानार? खरं सांगतेस?" गवळी आमच्या भांड्यात वरूनच दूध ओतायचा, भांड्याला भांडं लागू द्यायचा नाही. त्याच दुधाला तिने नव्या गाडग्यात विरजण लावलं. सकाळी बघितलं तर दही घट्ट, कवडीसारखं लागलेलं. आईने दहादा बजावलं, सांडू नकोस.

त्या दिवशी सकाळी मैत्रीण माझ्या कानात म्हणाली होती, "दुपारी काकांकडे जेवायला जायचंय. मटण आहे." मधल्या सुट्टीत ती तिकडे गेली आणि जेवून परत आली. मग बाईंनी स्वतःचा हात आधी पुढे केला, दही खाल्लं आणि वर्गाकडे बघितलं. पोरं एकेक करून उठली. ज्याच्या बापाने तमाशा केला होता, त्यानेही डोळे मिटून हात चाटला. अहो, मला आभाळ ठेंगणं झालं होतं!

शेवटी ती. मी चमचा पुढे केला आणि तिने हात मागे नेला.

"अगं, घे ना."

तिने मान हलवली. वर्गाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड लालबुंद झालं, पण शब्द फुटेना. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, शेवटी तिलासुद्धा नको झालं!" आणि पोरं हसली. बाई ओरडल्या, पण त्यांचाच आवाज फाटला. मी गाडगं तिथेच टाकून घरी पळाले.

आईला रडत रडत सगळं सांगितलं. तिने मला त्याच दुपारी कोन गावाला मावशीकडे धाडलं. परत आले तेव्हा मैत्रिणीच्या घराला कुलूप होतं. बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, म्हणाल्या, "माझंच चुकलं गं. तुला मी सगळ्यांपुढे उभं केलं." पाण्याच्या पाळ्या पुढेही चालू राहिल्या, पण असला बेत बाईंनी पुन्हा कधी केला नाही. मी मात्र जिथे जाईन तिथे आधी स्वतःचा पेला वेगळा ठेवायला शिकले.

पुढे मी मुंबईत नर्स झाले. आमच्या वॉर्डात एक बेने इस्रायली नर्स होती. एके दुपारी मटणाचं जेवण झाल्यावर मी तिच्यापुढे दह्याची वाटी सरकवली. ती हसली. "मटणावर दूध-दही आम्हाला धर्मानं मना आहे गं. काही तास जावे लागतात."

मी वाटी बाजूला ठेवली. चिडवणाऱ्या त्या पोरांपुढे ती कशी सांगणार होती, मी मटण खाऊन आलेय म्हणून! आणि आम्हाला कुणालाच हे ठाऊक नव्हतं, बाईंनासुद्धा नाही. एकमेकांच्या हातचं खायला बाईंनी शिकवलं. एकमेकांच्या घरची रीत विचारायची राहूनच गेली. बाईंना सांगावं तर त्या तोवर वारल्या होत्या. मग मी एस.टी. धरून आईकडे आले.

आई तांदूळ निवडत होती. माझं ऐकून तिने सूप खाली ठेवलं.

"ती आली व्हती," ती म्हणाली.

"कोण? कधी?"

"तुजी मैतरीन. त्याच सांजेला. तू कोनला गेली व्हतीस. हेच सांगत व्हती, मटान खाल्लंय, म्हनून दही नाय चालत. मी म्हटलं, बाय, असली कारनं आमी जल्मभर ऐकली हायेत."

"मग?"

"मग दारातच बसली रडत. म्हनली, मावशी, तुमची भाकर द्या. हितंच बसून खाते. तिला सांगा, मी खाल्ली म्हनून."

मला विचारवत नव्हतं. तरी विचारलं, "दिलीस?"

आईने पदर तोंडाला लावला.

"नाय दिली. दार लावून घेतलं."