राजूरची तीन पाण्यांनी धुतलेली राख

राख आणायला प्रवासाला निघणार असाल तर आधी घरी नीट समजावून सांगा. मी सांगितलं नव्हतं. शनिवारी पहाटे स्टँडवर सोडायला आलेली आई विचारत होती, "एमेस्सीला आता राख लागती?"

लागते. लाकडी कोळशावर तापलेली वाफ सोडली की जळणारा वायू मिळतो. राखेतलं पोटॅशियम ते काम भराभर उरकून देतं. उत्प्रेरक म्हणतात तो हाच. सर म्हणाले होते, "बाटलीतलं रसायन वापर आणि मोकळी हो." गावच्या चुलीतली राखही हे करील, हा हट्ट माझा. प्रयोगशाळेतली भट्टी मला फक्त सोमवारी मिळणार होती. तोवर राख नाही मिळाली, तर मुकाट्याने बाटली.

नगर ते कोल्हार बायकांना तिकीट अर्धं आहे, हादरे मात्र पूर्ण. कोल्हारच्या एका गुऱ्हाळात चिपाडाची राख ठरली होती. तिथे चुलवणाशेजारी फाटक्या चपलांचा ढीग!

"ह्या पण जाळता?"

"व्हय की. चिपाड वल्लं आसलं की लई भारी पेटत्यात," मालक अभिमानाने म्हणाले. मी राख नको म्हटल्यावर रागावले, पण रस पाजूनच सोडलं.

मग संगमनेरला गाडी बदला, अकोल्याला बदला. राजूरला पोचेपर्यंत दिवस मावळला. तिथे मैत्रिणीची हिरामावशी राहते. खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, काड्या वेगळ्या जाळा, दुसरं काही मिसळू नका, असं तिला फोनवर बजावलं होतं. नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी खाऊन मी निर्धास्त झोपले. सकाळी तिने स्वच्छ फडक्यात बांधलेली राख पुढे ठेवली. जरा जास्तच पांढरी होती.

"मावशी, ही धुतली का?"

"मंग! तीन पान्यानं. तुज्या सरांम्होरं काळी घान ठिवायची व्हय?"

पोटॅशियम पाण्यात विरघळतं. म्हणजे मला हवं होतं तेच गेलं. मी ओसरीवर बसकण मारली. चिडायचं तरी कुणावर? धुवू नका, हे मीच सांगितलं नव्हतं.

"पाणी कुठं ओतलं?"

"वतीन कशाला? पयलं पानी हंड्यात हाय. गोधडी भिजवायचीय. मळ लई निगतो त्यानं."

मी हात जोडले. मावशीने कुरकुरत ते पाणी तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये ओतून दिलं.

परतीच्या गाडीत कंडक्टरने पिवळट पाणी पाहिलं. "ताई, दारू हाय का?"

"राखेचं पाणी आहे."

"वास घ्या की, मास्तर!" मागून कुणीतरी ओरडलं. वास घेतला गेला. नगरपर्यंत कॅन माझ्या मांडीवर.

घरी आल्या आल्या थोडा कोळसा त्या पाण्यात भिजवून आईच्या तव्यावर वाळवला. आई काय बोलली ते लिहीत नाही. सोमवारी धुतलेली राख मिसळलेला कोळसा भट्टीत रेंगाळत राहिला. पाण्यात भिजवलेला त्याच्या कितीतरी आधी संपला. सरांनी दोन्ही आलेख पुन्हा पुन्हा पाहिले. "बाटली राहू दे," म्हणाले.

मावशीला फोन केला. तिने शांतपणे सगळं ऐकलं.

"ब्येस झालं बाई. पन माजी गोधडी तशीच हाय."

रविवारी परत त्याच रस्त्याने जाते आहे, रिकामा कॅन घेऊन. या वेळी राख मी धुणार आहे.