रेसवरचा पाय

अमरावतीच्या फुलबाजारात झेंडूची पोती उतरवून मी चहाच्या टपरीकडे निघालो होतो. मागून एका हमालाने हाक मारली, काका, चप्पल राहिली. खाली पाहिलं तर डाव्या पायात चप्पल होती आणि उजवा पाय अनवाणी. ओल्या फरशीवरून, तुटक्या देठांवरून वीसेक पावलं मी तसाच चाललो होतो आणि मला पत्ताच नव्हता. हमाल हसला. मी त्याच्यावर खेकसलो, तुझं काम कर म्हणालो. टपरीवर येऊन बसलो तेव्हा मात्र उजव्या तळव्याला चिमटा काढून पाहिला.

शुगर मला बऱ्याच वर्षांपासून आहे. गोळ्या कधी घेतो, कधी विसरतो. त्या आठवड्यात घरी न सांगता डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटायला सांगितलं. नायलॉनच्या दोऱ्यासारखा एक बारीक तंतू ते तळव्याला टेकवणार, तो लागला की मी हो म्हणायचं. शाळेत मी कधी कॉपी केली नाही, त्या दिवशी केली. काहीच कळत नव्हतं, म्हणून थोडं थांबून थांबून अंदाजाने हो म्हणत गेलो. डॉक्टर पुरते फसले नाहीत. उजव्या पायाची संवेदना गेली आहे, डावा अजून शाबूत आहे, त्याला जपा, आणि गाडी चालवणं आजपासून बंद, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

घरी येऊन बायकोला म्हणालो, डॉक्टर म्हणतात रोज फिरायला जात जा.

हे खोटं मी काहून बोललो? कारणं तशी बरीच सांगता येतील. मुलगी अकोल्याला दिलेली, तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलेलं. तिची साडेचार वर्षांची पोरगी घरात कुणाला बसू द्यायची नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी नातीला अमरावतीला आणायचं आणि नेऊन सोडायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या घरात गाडी येते ती मला एकट्याला. पण खरं सांगायचं तर तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला बायकोच्या हाताला धरून एसटीत चढायची लाज वाटत होती. बस्स, एवढंच.

मनाची समजूत घालायला मला आमची पिकअप उपयोगी पडली. फुलं वाहून नेणाऱ्या त्या गाडीला कारखान्यातूनच वेगाचं कुलूप लावून आलेलं आहे, मालवाहू गाडीला ते लागतंच. काटा ऐंशीला पोचला की तुम्ही रेसचं पॅडल कितीही दाबा, इंजिनला त्याहून जास्त डिझेल मिळतच नाही. मागचा ट्रॅव्हल्सवाला हॉर्न मारून डोकं उठवतो, आपण पॅडल पार तळाला नेऊन बसलेलो असतो, आणि गाडी ढिम्म. या कुलपाला मी जन्मभर शिव्या दिल्या. आता मला ते देवासारखं वाटायला लागलं.

कारण घरच्या कारमध्येही तशीच सोय होती. गाडी ऑटोमॅटिक, क्लच नाही, गिअरची कटकट नाही. स्टिअरिंगवर दोन बटणं. एक क्रूझचं. सत्तरला गाडी नेऊन ते दाबलं की पाय काढून घ्यायचा. चढ आला की गाडी आपण होऊन रेस वाढवते, उतार लागला की कमी करते, आणि ब्रेकला पाय लागला की क्रूझ सुटतं. दुसरं बटण लिमिटरचं. त्यात रेस आपल्याच पायाने द्यायची, पण आपण चाळीस ठरवले तर गाडी चाळीसच्या वर जात नाही. मी हिशेब बसवला: हायवेला क्रूझ, गावात लिमिटर. पायाने चूक केलीच तर गाडी ती पोटात घालेल. गाडी घेतली त्या दिवशी शोरूममधली मुलगी या लिमिटरबद्दल आणखी काहीतरी सांगत होती. पण आमचा नारळ फोडायचा होता, फोटो काढायचे होते. पिकअप चालवतो मी, मले नको शिकवू, असं म्हणून मी तिला गप्प केलं होतं.

तसे चार महिने काढले, जीव मुठीत धरून काढले. दर दोन मिनिटांनी खाली वाकून बघायचो, पाय कुठे आहे. बघितल्याशिवाय कळायचंच नाही. क्रूझवर गाडी आपली आपण पळत असायची आणि माझ्या पाठीतून घाम उतरत असायचा, कारण ब्रेक लागलाच तर हा पाय वेळेवर तिथे पोचेल का, हे मला सांगता येत नव्हतं. बायको पूर्वी नातीजवळ मागे बसायची. आता मागे बसलं की मळमळतं म्हणून पुढे बसायला लागली. मीही बरं म्हणालो. नातीला मागे तिच्या खुर्चीत पट्टा लावून बसवायचो.

हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही नातीला घेऊन अकोल्याहून निघालो. बोरगावपर्यंत क्रूझवर छान आलो. मूर्तिजापूरच्या अलीकडे नातीला शू लागली. मी क्रूझ सोडलं, हायवे सोडून कडेच्या गावरस्त्याला लागलो आणि लिमिटर चाळीसवर लावला.

समोर एक म्हातारी शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होती. अंतर भरपूर होतं. मी ब्रेक दाबला. गाडी कमी झाली नाही. आणखी दाबला. काटा चाळीसवर जसाच्या तसा. ब्रेक गेला, एवढं एकच डोक्यात आलं. खाली बघायचं रोजचं भान त्याच वेळी नेमकं सुटलं, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मी पाय पार तळाशी दाबला.

तळाशी कट्‌ असा आवाज झाला आणि गाडीने उडी घेतली.

शोरूममधली मुलगी हेच सांगत होती. कारचा लिमिटर पिकअपच्या कुलपासारखा नसतो. रेस पूर्ण दाबली की तो समजतो, माणसाला खरोखरच वेग पाहिजे, कशातून तरी निसटून जीव वाचवायचा असेल. आणि तो सोडून देतो. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं.

"पाय रेसवर हाय तुमचा!"

बायको ओरडली, आणि ओरडता ओरडताच आडवी झाली. तिने दोन्ही हातांनी माझी मांडी धरली आणि पोतं उचलावं तसा माझा पाय वर उचलला. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. कडेला मुरुमाचा ढीग होता, त्यात गाडी घुसली आणि थांबली.

म्हातारी रस्त्याच्या पलीकडे एक करडू छातीशी धरून उभी होती. मागे नात रडायला लागली. तिचा ओठ दातात आला होता, हनुवटीवर रक्त होतं, बाकी कुठे काही नव्हतं. बायकोने तिला उचलून घेतलं. मला दार उघडायचंही सुधरत नव्हतं.

बऱ्याच वेळाने मी बायकोला विचारलं, पाय रेसवर आहे हे तुला कसं दिसलं?

"तिथंच पाहून राहिली होती ना मी. चार महिने झाले. अंगनात सुटलेली चप्पल रोज कोन उचलून ठेवते मंग?"

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमाले लाज वाटंन म्हनून."

मला तिचा संताप आला. मग तो तिच्यावर टिकेना. मी माझी लाज झाकत होतो, ती माझी लाज झाकायला मला मदत करत होती, आणि दोघांनी मिळून त्या पोरीला मागे पट्ट्याने बांधून ठेवलं होतं. अजूनही दुपारी जरा डोळा लागला की तो कट्‌ आवाज ऐकू येतो आणि मी दचकून उठतो.

तिथूनच मुलीला फोन केला. बायको म्हणाली, तिला या दिवसांत नका सांगू. मी सगळं सांगितलं, तंतूचं, चपलेचं, सगळं. मुलगी म्हणाली, "बाबा, किल्ली आईजवळ द्या अन् तिथंच थांबा." जावई आले. पोरगी त्यांना अशी बिलगली की सोडेना. त्यांनी आम्हाला अमरावतीला सोडलं, मी मागे बसलो होतो. नातीला घेऊन ते परत गेले.

पुढच्या आठवड्यात बायकोला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेलो. एसटीच्या पायऱ्या तिच्या हाताला धरून चढलो, तेवढं काही जड गेलं नाही. डॉक्टरांना म्हणालो, मागच्या वेळी मी खोटं बोललो होतो, आता नीट तपासा. त्यांनी डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले. या वेळी अंदाज करायचा नाही, लागलं तरच हो म्हणायचं, असं ठरवून बसलो. बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता. शेजारी बायकोच्या बांगड्या जराशा वाजल्या. मी वाट पाहत राहिलो.

शेवटी मीच म्हणालो, सुरू करा ना डॉक्टरसाहेब.

"झालं, काका," ते म्हणाले. "दोन्ही पाय झाले."