तीन गोळ्यांचं यंत्र

‘श्वास हीच माणसाची खरी संपत्ती’ असा फलक आमच्या कॉलनीचं गणेश मंडळ दरवर्षी लावायचं. त्याखालीच जनरेटर ठेवलेला असल्यामुळे फलक वाचायला थांबणाऱ्याला ठसका लागे.

आरतीचा शंख वर्षानुवर्षं माझे वडील फुंकत. नाशिक रोडच्या छापखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली. सर्जन म्हणाले, छाती उघडून तेवढा भाग काढावा लागेल. सही मी केली.

त्याच महिन्यात आत्याच्या यजमानांचं असंच ऑपरेशन मुंबईत झालं, पण दुर्बिणीतून. पंधरा दिवसांत ते आमच्याकडे जिना चढून आले.

“मेहुणे, मला तीन भोकं. तुम्हाला तर गोधडीसारखं शिवलंय!”

वडील हसले नाहीत. हसलं की टाके दुखत. खोकायचं तरी छातीशी उशी धरावी लागे.

घरी सोडताना दवाखान्याने एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. त्यातल्या तीन गोळ्या श्वासाने वर उचलायच्या. आत्याचे यजमान त्यांच्या यंत्रातल्या तिन्ही उचलत. वडील गाल फुगवून, लालबुंद होऊन फुंकत. एकही गोळी हलत नसे. मला ती सही आठवे. मुंबईला नेलं असतं तर?

टाके काढायच्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीने ते पाहिलं. “आजोबा, फुंकताय काय? आत ओढायचं असतं. नळीने उसाचा रस पितो तसं.”

“शंख असा नाही वाजत,” वडील म्हणाले. मग ओढलं. एक गोळी कशीबशी वर गेली.

मी सर्जनना एकट्याला गाठून विचारलं. ते म्हणाले, “दुर्बिणीने पहिले काही महिने हलके गेले असते. दुखणं कमी, म्हणून श्वास मोठा. पुढे फरक बराच कमी होतो. पण यांची गाठ मोठी होती. आणि कापलेला भाग कुणालाच परत मिळत नाही.”

स्वतःची बाजू सावरताहेत, असं मला वाटलं. तसं वाटणं गणपतीपर्यंत टिकलं.

त्या आरतीला वडिलांनी शंख तोंडाला लावला. नाद निघाला, पण अर्ध्यावर तुटला. “द्या इकडे,” म्हणत आत्याचे यजमान पुढे झाले. त्यांचाही साधारण तिथेच तुटला. दोघं एकमेकांकडे बघत धापा टाकत होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला नीट श्वास घेता आला.

उरलेल्या दिवसांसाठी मंडळाने शंखाची कॅसेट आणली. ती जनरेटरवर चालायची.