विमान उतरताना माझे हात

माझ्या नवऱ्याच्या कवटीचा उजवा तुकडा तेव्हा त्यांच्या पोटाच्या कातडीखाली ठेवलेला होता. कंपनीच्या कामावर कोलकात्याला शिडीवरून पडले, मेंदूला सूज आली, म्हणून डॉक्टरांनी हाड काढून तिथे जपलं. दोन-तीन महिन्यांनी परत बसवायचं. तोवर डोक्याच्या त्या बाजूला नुसती कातडी. "रेल्वेत धक्के बसतील, कुणाची बॅग पडेल. विमानानेच न्या," डॉक्टर म्हणाले आणि तसं पत्र दिलं.

मुंबई जवळ आली तेव्हा घोषणा झाली, पुढचं चाक नीट उघडलंय की नाही कळत नाही. सगळ्यांनी वाकून डोकं पुढच्या सीटला टेकवायचं.

मी एअर होस्टेसचा हात धरला. "यांच्या डोक्याला हाड नाही. कुठे टेकवू?"

तिने पत्र वाचलं. मग कुठूनतरी तीन उशा आणून त्यांच्या मांडीवर रचल्या. "डावी बाजू उशीवर. उजवीवर अजिबात दाब नको. पट्टा पोटाखाली घ्या. आणि मॅडम, तुमचंही डोकं झाका."

त्यांचा डावा हात अपघातापासून उचलत नव्हता. मी माझे दोन्ही हात त्यांच्या डोक्याभोवती धरले. कातडीखालचे ठोके बोटांना लागत होते.

"घाबरू नको, मी हाय," ते उशीवर डावा गाल टेकून म्हणाले.

"डोकं खाली! डोकं खाली!" ओरडा सुरू झाला. चाकं टेकली, जोराचा हिसका बसला आणि माझे हात सुटले. मी मुद्दाम सोडले नाहीत. पण विमान थांबलं तेव्हा माझे हात माझ्याच डोक्यावर होते, घट्ट.

चाक टिकलं. उशांनी त्यांना वाचवलं. हाडही पुढे नीट बसलं.

मला मात्र झोप लागेना. पामला, आमच्या गावी, घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी, ओट्यावर त्यांच्या केसांना तेल लावताना, मी सगळं सांगून टाकलं.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "डोले उघडे होते माझे. तुला काय झालं असतं, तं मला घरी कोनी आनलं असतं?"

ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण इतके दिवस त्यांनाही ते ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं काही न बोलता रोज समोरासमोर बसून जेवत होतो, याचंच जास्त वाईट वाटलं.