तीन कुलपांची पेटी आणि वाढती चांदी

व्हिएन्नाच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा पहिला फोन बाबांना केला. ते म्हणाले, "लोकांच्या घरात घुसान चोर शोधूक जातलंस? ह्या काय काम झाला गो?" आणि ठेवला फोन! मी हट्टी, बाबा माझ्याहून हट्टी. त्यांच्या तोंडून 'जा' ऐकल्याशिवाय मी जाणार नव्हते. म्हटलं, समोर बसूनच काय तो सोक्षमोक्ष लावू. गावची जत्रा चार दिवसांवर होती. तत्कालमध्ये तिकीट काढलं आणि निघाले.

काम काय, ते आधी सांगते. मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत किरणोत्सार मोजते. नवं काम व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत तपासनीसाचं. विजेसाठी घेतलेलं अणुइंधन कुणी गुपचूप बॉम्बकडे वळवत नाही ना, हे देशोदेशी जाऊन बघायचं. कांड्या मोजायच्या, वजनं करायची, दारांवरची सीलं तपासायची आणि बंद डब्यात काय आहे ते डबा न फोडता, बाहेर येणाऱ्या किरणांवरून ओळखायचं.

तुम्हाला आमच्याकडे यायचं असेल तर कणकवलीला उतरा आणि आचऱ्याची एसटी पकडा. रस्त्याला वळणं फार, पोट नाजूक असेल तर पुढची सीट धरा. रिक्षा केलीत तर सांगेल त्यातले शंभर कमी करून बसा. आमचं गाव आचऱ्याच्या थोडं अलीकडे. जत्रेच्या आदल्या दिवशी गावात मासे शिजत नाहीत, तेव्हा बांगडा खायचा तर मालवण आधी करून या. मला घरी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली. बाबांनी नोकरीचा विषय काढू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात देवाची पेटी उघडायची होती. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन मानकऱ्यांच्या घरी, त्यातली एक आमच्याकडे. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. वर कापड गुंडाळून लाखेच्या मोहरा. पेटी दरवर्षी एकेका मानकऱ्याकडे राहते, यंदा पाळी आमची होती. मोहरा फुटल्या, कुलपं निघाली, देवाचा चांदीचा मुखवटा बाहेर आला. सोनाराने तराजू धरला आणि वहीतल्या गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिलं.

"कमी भरता," तो पुटपुटला. "तीन तोळे."

सगळे जमिनीकडे बघत होते, पण कुणाकडे बघायचं टाळत होते ते मला कळलं. पेटी वर्षभर बाबांच्या ताब्यात होती. दुसरे मानकरी तात्या, भला माणूस, म्हणाले, "ऱ्हवांदे. देवाक सगळा माहीत आसा."

अरे देवा! हे 'ऱ्हवांदे', राहू दे, म्हणजे बाबांवर जन्माचा डाग. मी उठले.

"ऱ्हवांदे कशाक, तात्यानू? मापूया. सगळ्यांच्या समोर."

"गप बस गो," बाबा म्हणाले. मी बसले नाही.

आधी मोहरा बघितल्या. फुटलेले तुकडे जुळवले, तिन्ही घरांचे ठसे नीट बसले. म्हणजे वर्षभर पेटीला कुणी हात लावला नव्हता. घट झाली ती गेल्या वर्षी तोलल्यानंतर, मुखवटा पेटीत जायच्या आधी. मग शंभरेक वर्षांची ती वही मागितली आणि पहिल्या पानापासून वाचत आले. दरवर्षी वजन वाढलेलं! कधी दोन गुंजा, कधी चार, आणि तोळा शहाण्णव गुंजांचा.

"चांदी वाढता कशी, तात्यानू?"

"देवाचा वाढताच गो," तात्या हात जोडून म्हणाले. "गावाची बरकत ती."

कमी झालं की आपण दचकतो, वाढलं की हात जोडतो. आमच्या कामात वाढीलाही तितकंच दचकायचं असतं. आकडा वर गेला तरी कुठेतरी चुकलेलंच असतं.

मी मुखवटा उन्हात धरला. कानाच्या खोबणीत पिवळट थर होता, वाळलेलं गंध. देवाच्या तोंडावरचं गंध धुवायचं नाही, ही आमची रीत. वर्षानुवर्षं थरावर थर चढला आणि आम्ही भक्तिभावाने चांदीबरोबर तोही तोलत आलो.

नवे पुजारी कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले. "गेल्या जत्रेनंतर मीच चिंचेन घासलंय. पेटीत ठेवच्या आदी. रीत माका ठावक नाय होती."

वहीतली पहिली नोंद नव्याकोऱ्या मुखवट्याची होती. आजचं वजन तिच्याहून दोनच गुंजा कमी. एवढा फरक हातच्या तराजूत धरावाच लागतो.

"पण तोच कशावरना? बदललो असलो तर?" मागून कुणीतरी विचारलंच. विचारलं ते बरं झालं! मुखवटा दोऱ्याने तराजूला टांगून कळशीतल्या पाण्यात पूर्ण बुडवला, पाण्यात वजन किती घटतं ते बघितलं. पितळ चांदीहून हलकं, तेवढ्याच वजनाला जागा जास्त घेतं; ते असतं तर जास्त घटलं असतं. हिशेब चांदीचाच आला, ना ओरखडा, ना काप. सोनाराने आपणहून मान डोलावली.

तात्या बाबांजवळ जाऊन बसले आणि त्यांनी बाबांचा हात धरला. मला रडू आलं, लपवलं नाही.

जत्रेत गुळाचं खाजं घेतलं (ताजं घ्या, आल्याचा वास आला पाहिजे). परवा एसटीच्या थांब्यावर बाबा त्या मापण्याबद्दल पहिल्यांदा बोलले. "तू मापलंस नसतंस तर लोक काय बोलले नसते. पण जल्मभर मनात ठेवले असते." मी 'जा'ची वाट बघत होते. एसटी आली, ते बॅग वर चढवून माघारी वळले.

आता मुंबईत बसून हे लिहितेय. मोजणारा येतो तो चोर धरायला, असं बाबांसारखं पुष्कळांना वाटतं. पण खऱ्या माणसाला खरं ठरवायला मोजण्यावाचून दुसरी वाट नाही, हे मला देवळात जेवढं कळलं तेवढं प्रयोगशाळेत कळलं नव्हतं.

मघाशी बाबांचा फोन आला.

"पेटी बंद केली. गंध पुसून मापला, मगे आत ठेवला. तात्यानी वयत लिवल्यानी, आता दोनदा मापूचा, उघडताना आणि बंद करताना."

"बरा झाला, बाबानू."

मग म्हणाले, "त्या तुझ्या व्हिएन्नाचा तिकीट काढलंस मां?"