उठून पाहणाऱ्या शीलाताई

सिनेमा सुरू व्हायच्या आधी शीलाताई चपला काढून ठेवायच्या. मध्यंतरापर्यंत त्यांचे दोन्ही पाय खुर्चीवर आलेले असले, तर सिनेमा चांगला. पाय जमिनीवरच राहिले, तर बाहेर पडताना त्या दारावरच्या तिकीट फाडणाऱ्याकडे असं बघायच्या की सिनेमा त्या बिचाऱ्यानंच काढला असावा. त्यांना दुसरा कुठला सिनेमा चालतच नसे. प्रेमाचा नाही, मारामारीचा नाही, रडवणारा तर मुळीच नाही. भीतीचा असला तरच. वर्ध्यात असा सिनेमा लागला की शनिवारी सकाळीच त्यांचा फोन यायचा, “दुपारच्या खेळाले येजो. अन् नखं कापून येजो, मागच्या वेळेस तू माझा हात ओरबाडला.”

आम्ही दोघी पाणी तपासणीच्या कार्यालयात होतो. शीलाताई प्रयोगशाळेत, मी बाहेर टेबलावर. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे यायचं. मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची आणि शीलाताई ती उजेडासमोर धरून अशा निरखायच्या, जणू पाणी आता खोटं बोलणार आहे. मी देवळी तालुक्यातल्या शेतकरी घरातली. आमच्याकडे भुतं शेजाऱ्यांसारखी ओळखीची. पिंपळावर मुंजा, नाल्यावर हडळ, विहिरीत साती आसरा. भर दुपारी बाराच्या ठोक्याला पोरीबाळींनी पाण्यावर जायचं नाही. मी हे सगळं सांगायची तेव्हा शीलाताईंच्या चेहऱ्यावर चक्क हेवा दिसायचा. “तुमची मजा हाये वंदना,” त्या म्हणायच्या. “तुम्हाले भीती घरबसल्या भेटते. आम्हाले तिकीट काढा लागते.”

त्यांचं माहेर नाचणगावचं. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव काढून टाकले. देवांबरोबर भुतांनाही त्यांनी घराबाहेर केलं. शीलाताई लहान असताना घरामागच्या चिंचेखाली संध्याकाळ झाली की कुणीतरी टिचक्या वाजवायचं. त्या आईच्या पदरात शिरल्या, तर वडिलांनी हाताला धरून थेट झाडाखाली नेलं. चिंचेचा एक वाळका आकडा कोळ्याच्या जाळ्यात लटकला होता आणि वाऱ्यानं गोठ्याच्या पत्र्यावर आपटत होता. वडील म्हणाले, “पाह्यलं? आवाज आला का उठून पाहाव. बसून राह्यलं का त्याचं भूत होते.” हे वाक्य शीलाताईंनी जन्मभर सांभाळलं. रात्री भांडं पडलं, ऑफिसात कपाट करकरलं, रस्त्यात कुणी हाक मारल्यासारखं झालं, की त्या उठल्याच.

एकदा एका गावातून निरोप आला की विहीर रडते. वर्षभरापूर्वी तिच्यात एका बाईनं जीव दिला होता आणि तेव्हापासून कुणी तिचं पाणी भरत नव्हतं. बाटली आमच्याकडे कोण आणणार? शीलाताई स्वतः गेल्या, मला ओढत घेऊन गेल्या. भर उन्हात आम्ही दोघी काठावर उभ्या, गाव लांब सावलीत उभं. खरंच खालून बारीक हुंदके येत होते. मी रामनाम सुरू केलं. शीलाताईंनी पदर खोचला आणि पालथं पडून आत वाकून पाहिलं. मोटारीच्या जुन्या पाइपात हवा अडकून ती पाण्यातून बुडबुडत होती, एवढंच. त्यांनी पाणी तपासलं, ते चांगलं निघालं, आणि पुढच्या खेपेला सगळ्या गावासमोर गिलासभर प्याल्या. परतताना एसटीत मात्र खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “कोणी असतं तर बरं झालं असतं. त्या बाईच्या मनात काय होतं ते तरी समजलं असतं.”

टॉकीजमध्ये त्यांच्याशेजारी बसणं म्हणजे शिक्षा होती. पडद्यावरची बाई मेणबत्ती घेऊन तळघराकडे निघाली की सगळी टॉकीज ओरडायची, नको जाऊ! शीलाताई एकट्या म्हणायच्या, “जाय! उठून पाह्य!” पाय वर, गुडघ्यांना मिठी, आणि वर हा सल्ला. कर्कश आवाज करून एकदम तोंड पुढे आणणाऱ्या सिनेमांचा त्यांना तिटकारा होता. “हा दचका हाये, भीती नाई. दचका तर कुकरच्या शिट्टीनंही बसते,” असं त्या मध्यंतरात समोसा खाताना सांगायच्या.

त्यांना खराखुरा घाबरवलेला एकच सिनेमा मला आठवतो. त्यात एका घराचं दार अर्धं उघडं असतं आणि कॅमेरा त्या दाराकडे बघत राहतो. कितीतरी वेळ. संगीत नाही, वारा नाही. टॉकीजमधल्या पोरांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग हसली, मग हळूहळू सगळे चिडीचूप झाले. आपल्या मागेही एखादं दार असेल असं प्रत्येकाला वाटायला लागलं. त्या दारातून शेवटपर्यंत कुणी येत नाही. बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांवर आलं तरी माझ्या मानेवरचा काटा जात नव्हता. शीलाताईंचा चेहरा उजळला होता. “याले म्हणते भीती,” त्या म्हणाल्या. “कोणी आलं असतं तर संपून गेली असती.”

सिनेमानंतर आम्ही सिंदी मेघेला त्यांच्या घरी चहाला जायचो. तिथे त्यांचे यजमान, माझे सुधाकर भाऊजी, हॉलमध्ये पेपर वाचत असायचे. त्यांनी भीतीचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. आमची चर्चा रंगली की ते उठून स्वयंपाकघरात जायचे, माठातलं पाणी प्यायचे, माठावर झाकण ठेवायचे आणि झाकणावर स्टीलचा गिलास पालथा घालायचे. आधी झाकणाचा झण्ण, मग थोडं थांबून गिलासाचा टक्क. ते थोडं थांबणं त्यांचं स्वतःचं होतं. गिलासातला शेवटचा थेंब ते माठाशेजारच्या तुळशीच्या डब्यात झटकायचे. मग आतूनच ओरडायचे, “वंदनाताई, बाईले फार घाबरवू नका, मले एकट्याले स्वयंपाक करा लागते!” शीलाताई म्हणायच्या, “तुम्ही असल्यावर भुताची काय गरज?”

एका हिवाळ्यात भाऊजी गेले. सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली, तेवढंच. शीलाताई कुणासमोर रडल्या नाहीत. महिन्यानं कामावर आल्या, बाटल्या उजेडासमोर धरू लागल्या. मीच एका शनिवारी त्यांना टॉकीजमध्ये नेलं, मन रमेल म्हणून. त्यांनी सवयीनं चपला काढल्या, पण पाय जमिनीवरून हलले नाहीत. पुढच्या सिनेमालाही नाही. आजूबाजूला पोरं किंचाळत होती आणि शीलाताई फळ्यावरचं गणित उतरवून घ्यावं तशा बघत होत्या. एका सिनेमात बाईचा मेलेला नवरा परत येतो, अंधारात पलंगाच्या कडेवर बसतो आणि ती किंचाळत घराबाहेर पळते. शीलाताई मोठ्यानं म्हणाल्या, “मूर्ख हाये! पळून काऊन राह्यली? मी असती तर चहा मांडला असता.” पुढच्या रांगेतले दोघेतिघे हसले. मला हसू आलं नाही.

ऑटोची वाट बघताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. “तुह्या घरी माणूस मेला का कावळ्याची वाट पाह्यते, अमावस्येची पाह्यते, कुठंतरी हाये म्हणते. बाबानं आमच्या घरात काहीच ठेवलं नाई. मले माहीत हाये, गेला तो गेला. कोणी येत नाई. सगळं उठून पाह्यलं मी, वंदना, सगळ्या ठिकाणी पाइपच निघाला. म्हणून हे सिनेमे पाह्यते. एकदा तरी खरीखुरी भीती वाटली पाह्यजे. भीती वाटली म्हणजे येऊ शकते ना कोणी.” एवढं बोलून त्यांनी ऑटोवाल्याशी भाड्यावरून नेहमीसारखी हुज्जत घातली. मी घरी जाऊन रडले.

मग मे महिना आला. शीलाताईंच्या मुलानं पुण्याहून त्यांना मोठा टीव्ही पाठवला होता आणि ‘हा पाह्यून लोकं झोपत नाईत म्हणते’ असा एक परदेशी सिनेमा शोधून त्यांनी मला दुपारी घरी बोलावलं होतं. वर्ध्याची मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना सांगते, तिच्याइतकं निर्मनुष्य काही नसतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. खिडक्यांवर ओले पडदे, खोलीत अंधार, कूलरची घरघर आणि वाळ्याचा वास. सिनेमात एक म्हातारी वरच्या मजल्यावरची पावलं ऐकत बसली होती. शीलाताईंचे पाय जमिनीवर.

आणि लाइट गेली. टीव्ही विझला, कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला. कूलर बंद पडल्यावर घरात जी शांतता पसरते ती आमच्याकडच्या माणसाला माहीत आहे; कान एकदम मोकळे होतात आणि आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटतो. टाकीतून पाणी ठिबकत होतं, तेही थांबलं. 

स्वयंपाकघरातून आवाज आला. झण्ण. झाकणाचा.

मग थोडं थांबून, टक्क.

माझ्या हातांवर काटा आला. मांजर असेल, पाल असेल, गरम होऊन भांडं हललं असेल, असं मनात भराभरा म्हणत मी उठले. शीलाताईंच्या संगतीनं मलाही तेवढी सवय लागली होती. पण त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

“बस,” त्या म्हणाल्या.

“ताई, बघून येते ना. मांजर शिरलं असेल.”

“पाहू नको.” त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. “तुले माझी शपथ हाये. पाहू नको.”

मी खाली बघितलं. त्यांचे दोन्ही पाय सोफ्यावर होते. गुडघ्यांना मिठी, हनुवटी गुडघ्यांवर, डोळे स्वयंपाकघराच्या अर्ध्या उघड्या दाराकडे. त्या थरथरत होत्या, आणि भाऊजी गेल्यापासून इतकं सुख मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. लाइट येईपर्यंत आम्ही तशाच बसलो. सिनेमा पुन्हा लावलाच नाही. निघताना माझा घसा सुकला होता, पण शीलाताईंनी मला पाणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही. भर उन्हात मी तहानलेली घरी आले.

नंतर एकदा धीर करून मी विचारलं, माठाकडे केव्हा गेलात? म्हणाल्या, “दुसऱ्या दिवशी सकाळी. भरला ना माठ, डोळे मिटून.” शपथ घालणं आणि डोळे मिटणं, दोन्ही त्यांच्या वडिलांना चाललं नसतं, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना पुण्याला नेलं. घर विकायचं नाही, कुलूप लावून ठेवायचं असं ठरलं. मी स्टेशनवर पोचवायला गेले. मुलगा पाण्याची बाटली आणायला उतरला तेव्हा त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली ठेवली.

“तिकडं माठ नाई,” त्या म्हणाल्या. “मशीन हाये पाण्याचं.”

“बरं झालं की. भरायची कटकट नाही.”

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पाय बर्थवर घेतलेले. “मले भीती वाटून राह्यली, वंदना.”

“कशाची हो?”

“ते उन्हातून येतीन अन् घरी कोणी नसन. माठ कोरडा राहीन.” मग स्वतःशीच हसल्या. “बाबा असता तर लय बोलला असता मले. पण तू माठ भरत जाजो. अन् आवाज आला तर उठून पाहू नको.”

मी दर शनिवारी जाते, जुन्या सवयीनं दुपारीच. गल्ली सामसूम असते. कुलूप काढून आत पाऊल टाकलं की पायापासून वर एक शिरशिरी येते आणि ती मला आताशा हवीहवीशी वाटते. माठातलं पाणी कमी झालेलं असतं. मातीचा माठ झिरपतो, उन्हाळ्यात पाणी उडून जातं, हे पाणी तपासणीच्या कार्यालयात जन्म काढलेल्या बाईला कुणी शिकवायला नको. पण किती कमी झालं ते मी बघत नाही. काठापर्यंत भरते, झाकण ठेवते, थोडं थांबून त्यावर गिलास पालथा घालते आणि मागे न बघता कुलूप लावते.